ब्लेझरच्या मानेवरचा हात

परवा आमच्या चौकातल्या रहाडीच्या तुळया निघाल्या, आणि माझं डोकं फिरलं. दर वर्षी फिरतं. वर्षभर त्या चौकातून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात, लग्नाच्या वराती जातात, आणि आपल्या पायांखाली दगडी बांधणीचा हा खोल हौद, ही रहाड, आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. होळी झाली की पोरं पहारी घेऊन येतात, वरची माती काढतात, सागाच्या जाड तुळया दोरांनी ओढून बाजूला करतात, आणि खालून वर्षभर कोंडलेला गार, कुबट वास वर येतो. इतर गावांना रंग खेळायला बादल्या आणि पिचकाऱ्या लागतात. आम्ही नाशिककर रंगपंचमीला माणूसच उचलून रंगात टाकतो.

त्या वासाबरोबर मला ब्लेझर आठवतो. त्याचं खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तो खूश होईल, आणि त्याला खूश करायचं नाही एवढं एक व्रत मी वीस-बावीस वर्षं निष्ठेनं पाळत आलोय. ब्लेझर हे नाव माझ्या मित्रानं, अस्लमनं, ठेवलं होतं, कारण हा माणूस फाल्गुनातल्या भर दुपारीसुद्धा निळा कोट घालून फिरायचा आणि खिशावरच्या सोनेरी कशिद्यावरून दर दोन वाक्यांनी बोट फिरवायचा. बायको म्हणते, "अहो, तुमचं वय काय, राग काय!" मी म्हणतो, राग वयाप्रमाणं नसतो गं, माणसाप्रमाणं असतो. त्यावर ती पोह्यांना फोडणी घालायला निघून जाते.

आम्ही तांबट. हंडे, घंगाळी, बंब ठोकतच लहानाचे मोठे झालो. आजोबांच्या हातची एक अवाढव्य काहील आमच्या घरी आहे, आणि चौकातल्या रहाडीचा रंग तिच्यातच उकळतो. फाल्गुन लागला की पेठ तालुक्याकडच्या बाया डोक्यावर पळसाच्या फुलांची गाठोडी घेऊन बाजारात उतरतात. मखमलाबादकडून झेंडू येतो. हळद पडते, आणखी दोन-तीन गोष्टी पडतात त्या सांगायच्या नसतात. मग लाकडी वल्ह्यानं ढवळत बसायचं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हा रंग अंगाला लागला की आठवडाभर साबणाला दाद देत नाही. ढवळणाऱ्याचे हात तर कोपरापर्यंत केशरी होतात आणि पाडव्याच्या पुरणपोळीपर्यंत तसेच राहतात. शाळेत असताना वार्षिक परीक्षेच्या पेपरांवर माझी बोटं उमटायची आणि सर वर्गात उत्तरपत्रिका उंच धरून विचारायचे, "हा कुणाचा पंजा?" साऱ्या वर्गाला माहीत असायचं.

हातोडा चालवून खांदे तयार झाले होते, त्यांचा उपयोग सुभेदारमामांनी शोधला. मामा मूळचे देवळ्याचे. फौजेत आयुष्य गेलं, शेवटची वर्षं देवळाली कॅम्पात, आणि निवृत्तीनंतर ते गावी कांदा लावायला न जाता इथंच राहिले. नव्वदीच्या दशकात सारं शहर गल्लीबोळांत क्रिकेट खेळत असताना मामांनी आम्हा वीसेक पोरांच्या हातात पपईसारखा एक चेंडू दिला आणि सांगितलं, "पुढं पळायचं, पन चेंडू मागं द्यायचा. समजलं का? नाय समजलं तरी पळा." रग्बी हा शब्द आमच्या घरी कुणाला धड म्हणता येत नव्हता. आई "तुमची ती रगबगी" म्हणायची. पण दोन्ही बाजूंची आठ-आठ माणसं खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तो डाव, स्क्रम, मला पहिल्याच दिवशी आवडला. मी पहिल्या फळीत. शेजारच्याला असा गच्च धरायचा की सगळे मिळून एकच अंग झालं पाहिजे. माझी पकड बघून मामा म्हणाले, "ह्या तांबटाचा हात लय वाईट. सुटत नाय."

कॅप्टन अस्लम. जुन्या नाशकात त्यांची बेकरी, आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे मैद्याची पोती उचलून, पावाच्या लाद्या सायकलीवर लादून दुकानांना पोचवून तो मैदानावर यायचा, अंगाला खमिराचा वास. अस्लम धावायला लागला की आम्ही बाकीचे त्याच्या मागं फक्त साक्षीदार म्हणून असायचो. तो कधी ओरडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. समोरच्यानं पाडलं तर उठून, माती झटकून, "अच्छा था" म्हणायचा. मला त्याचा तो चांगुलपणा तेव्हाही सहन व्हायचा नाही.

तर, नवं शतक नुकतं लागलं होतं, आणि आपल्या देशानं आशियातली एक मोठी रग्बी स्पर्धा इथं भरवायला मागितली. बाकीचेही देश मागत होते. पाहुणे येणार, मैदानं बघणार, मग ठरवणार. तीन-चार शहरांत सामने ठेवायचे होते आणि त्यांत एक नाशिक, कारण गार हवा, लष्कराचा कॅम्प आणि मुंबई जवळ. नाशकाची जबाबदारी मुंबईच्या ज्या पदाधिकाऱ्यावर आली, तो ब्लेझर. गंगापूर रोडच्या पुढं नदीच्या अंगाला एक पडीक माळ होता, तो त्यानं गाडीत बसूनच पसंत केला. काच खाली करून आम्हाला म्हणाला, "पोरांनो, हे दगड तेवढे बाजूला झाले पाहिजेत. देशासाठी." मग एक वाक्य म्हणाला, ज्याच्या जोरावर आम्ही तो अख्खा हिवाळा काढला. पाहुण्यांसमोर एक सामना होईल आणि नाशिकच्या बाजूनं तुम्हीच खेळाल. छातीवर नाशिक लिहिलेली जर्सी घालून. अस्लमकडं बोट करून म्हणाला, "हा कॅप्टन ना? दहा नंबर याचा."

अस्लमनं त्या रात्री जेवताना घरात सांगितलं. त्याचे अब्बा रग्बीला वेळ घालवणं म्हणायचे. ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, मी येईन बघायला. नंतर मला अनेकांनी विचारलंय, एका सामन्याचं एवढं काय घेऊन बसलास? हेच घेऊन बसलोय. अब्बा येणार होते.

दगड वेचलेत कधी कुणी? वरचा उचलला की खालचा डोकं काढतो. दिवाळीनंतर सुरुवात केली ती शिवरात्र आली तरी चालूच. कडाक्याची थंडी, बोटांना भेगा, मामा मफलर गुंडाळून काठावर उभे. "उचला रे. उद्या कोनाचं डोकं आपटलं म्हंजे मंग कळंल." शेजारच्या झेंडूवाल्यांनी विहिरीचं पाणी दिलं म्हणून दूर्वा धरली. मैदानाच्या कडेनं आमच्या दगडांचा बांध उभा राहिला, कमरेइतका. शेवटी शेवटी अनवाणी धावता यायला लागलं. फाल्गुनाच्या सुरुवातीला, द्राक्षांच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो रस्त्यानं धूळ उडवत जात असताना, अस्लम त्या हिरवळीवर एकटाच उताणा पडला होता. "सुध्या, पाठीला एक भी खडा लागत नाही बघ," म्हणाला. मीही आडवा झालो. खरंच लागत नव्हता.

तारखेची गंमत त्याच दिवसांतली. ब्लेझरनं पाहुण्यांची तारीख सांगितली आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी रंगपंचमी आहे." तो हसला. मुंबईत होळीच्या दुसऱ्याच दिवशी रंग खेळून मोकळे होतात आणि त्यालाच रंगपंचमी म्हणतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं. "अरे, होळीनंतर चार दिवस ठेवलेत मी मध्ये. तोवर तुमचे रंग धुऊनसुद्धा होतील." मामा म्हणाले, "नाय साहेब, नाशकात पंचमीलाच असतंय. जुनं गाव बंद ऱ्हातं." ब्लेझरनं सोनेरी कशिद्यावरून बोट फिरवलं. "सुभेदार, मला नाशिक शिकवू नका." मामा ताठ उभे राहिले. फौजेतला माणूस, वरच्याचा शब्द आला की टाचा जुळायच्या. त्या जुळलेल्या टाचा मला अजून दिसतात आणि अजून मुठी वळतात.

आणि मग पाहुणे यायला आठवडा उरलेला असताना तो मैदानावर आला. मागून एक बस. बसमधून मुंबईच्या कुठल्याशा क्लबची पोरं उतरली, उंच, गोरीगोमटी, केसांना काहीतरी लावलेली. त्यांच्या अंगात नव्या कोऱ्या जर्सी. छातीवर नाशिक. आमच्या मापानं शिवलेल्या होत्या त्या. आम्ही शिंप्यापुढं रांगेत उभं राहून छात्या फुगवून मापं दिली होती. माझी तीन नंबरची एका पोराच्या अंगावर पोत्यासारखी लोंबत होती.

"हे काय साहेब?" मी विचारलं.

"समजून घ्या," ब्लेझर म्हणाला. "पाहुणे खेळाडूंशी बोलणार. इंग्रजी आलं पाहिजे. दिसायलाही जरा बरं पाहिजे. तुम्ही आहातच की. स्वयंसेवक. टोप्या देतोय तुम्हाला, पाणी द्यायचं, दोऱ्या धरायच्या. देशासाठी."

मी पुढं झालो तसा अस्लमनं माझा दंड धरला. "ठीक है सर," म्हणाला. एवढंच. टोपी घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. घरी जाऊन अब्बांना काय सांगितलं ते त्यानं मला कधीही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मामांनी मात्र टोपी घेतली नाही. ते दगडांच्या बांधावर जाऊन बसले, आणि त्या दिवसानंतर मैदानावर आले नाहीत.

त्या वर्षी काहील मी एकट्यानं ढवळली. फुलं नेहमीपेक्षा जास्त टाकली. माझे वडील, दादा, म्हणाले, "अरे, पुरे, किती आटवशील?" मी आटवत राहिलो. रंग असा झाला की वल्हं वर काढलं तर धार तुटेना. फुलांचा तो उग्र, जरासा कडवट वास नाकात भरला होता आणि मला फार बरं वाटत होतं. सूड घ्यायचा ठरला की माणसाला बरं वाटतं. लोक उगाच म्हणतात की रागानं आपलंच रक्त आटतं. माझी भूक वाढली होती.

संधी त्यानंच दिली. पाहुण्यांना भेट म्हणून तांब्याचे तीन गडू आमच्याच दुकानातून घडवून घेतले होते, आणि पंचमीच्या दिवशी ते पोचवायला कोण जाणार? जुन्या गावातल्या गल्ल्या बंद. दुपारी ब्लेझर स्वतःच आला. गाडी लांब ठेवून, ड्रायव्हरला तिथंच थांबवून, पांढरी पँट, निळा कोट, नाकाला रुमाल. ढोल तर असे वाजत होते की पत्र्याची छपरं थरथरत होती.

"आजही रंग?" मला म्हणाला. "होळी संपली ना तुमची?"

"आमच्याकडं बातमी जरा उशिरा पोचते, साहेब," मी म्हणालो. "गडू घरात आहेत. या असे, चौकातून जवळ पडेल."

आला. बिचारा म्हणणार नाही. रहाडीच्या काठावरचा नियम आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतो. त्या दिवशी जो चौकात उतरला तो रंगाचा झाला, मग तो कोण का असेना, आणि त्यानं रागवायचं नाही. मी पोरांकडं नुसतं बघितलं. चौघांनी त्याला कोटासकट उचललं. तो "अरे, अरे, पाहुणे येतायत" म्हणत असतानाच हवेत होता, आणि त्याच्या पाठोपाठ मी उडी मारली. धप्पकन आवाज झाला, रंग काठावरच्यांच्या डोक्यांवरून उडाला, आणि आत त्या केशरी अंधारात माझ्या हाताला त्याची मान लागली. स्क्रममध्ये धरतो तशी धरली. तो वर आला की मी खाली दाबायचो. सोडायचो, आणि पुन्हा दाबायचो. जीव घ्यायचा नव्हता. फक्त एकेका दगडाचं नाव त्याच्या कानात सांगावं असं वाटत होतं. पण माझ्याही तोंडात रंग गेला होता.

तेवढ्यात काठावर टाळ्या पडल्या. बघतो तर तिघे पाहुणे. विश्रामगृहावर त्यांना घ्यायला कुणी गेलं नाही, तेव्हा ढोलांच्या आवाजामागं चालत चालत ते स्वतःच आले होते. ब्लेझरनं डोळे उघडले, रंगाची चूळ टाकली, पाहुण्यांना बघितलं. त्या क्षणी त्याचं डोकं ज्या वेगानं चाललं, त्या वेगानं अस्लमचे पायसुद्धा कधी चालले नव्हते. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "वेलकम टू नाशिक!"

पाहुणे खूश. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि एकापाठोपाठ एक तिघांनी उड्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत ते चौकातून हलले नाहीत. मिसळ खाल्ली, ढोल वाजवले, द्राक्षांचे घोस तोंडात धरून फोटो काढून घेतले. मैदानाचं नावही कुणी काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची गाडी निघून गेली. आम्ही वेचलेली ती हिरवळ त्यांनी बघितलीच नाही. कुणी म्हणेल, त्यात तुझाही हात होता. असेल. तेही मी ब्लेझरच्याच नावावर टाकलंय.

अस्लम त्या वेळी चौकात नव्हता. शब्द दिला होता म्हणून तो मैदानावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. मुंबईची पोरं आमच्या जर्सी घालून ऊन उतरेपर्यंत ताटकळली. त्यांच्यातला दहा नंबरचा पोरगा तसा बरा होता म्हणे. त्यानं कंटाळून अस्लमला विचारलं, "तू भी खेलता है क्या?" अस्लम म्हणाला, "नहीं, मैं पानी देता हूँ." हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी पाव कापता कापता सांगितलं, आणि हसला. मी त्या दिवशी त्याच्याशी भांडलो. इतक्या वर्षांत तेवढं एकच भांडण.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. मधोमध ब्लेझर, केशरी, हात वर, दात तेवढे पांढरे. शेजारी काठावरून वाकून हसणारे पाहुणे. आणि ब्लेझरच्या मानेवर एक हात. फक्त हात, बाकीचा मी चौकटीबाहेर. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी फार मायेनं त्याच्या मानेवर हात ठेवलाय. खाली छापलं होतं की नाशिककरांच्या प्रेमात पाहुणे न्हाऊन निघाले. दादांनी पेपर माझ्यासमोर धरला, माझ्या हातांकडं बघितलं, आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

स्पर्धा शेवटी दुसऱ्याच देशाला गेली. आम्हाला ते महिन्याभरानं कुणाकडून तरी कळलं. माळावर यथावकाश प्लॉट पडले, आमच्या दगडांचा बांध बंगल्यांच्या पायाभरणीत गेला. मामा एका हिवाळ्यात गेले. खांदा द्यायला आम्ही पहिल्या फळीतले तिघंही होतो. आणि ब्लेझर? ब्लेझरचं भलं झालं. त्या फोटोनं तो गावाचा लाडका झाला. गंगापूर रोडला घर बांधलं, आणि दर वर्षी रहाडीच्या पूजेला पाहुणा म्हणून तोच. माईक हातात आला की सुरू: "त्या दिवशी देशासाठी मी कोटासकट उडी घेतली. मुलांची नावं आता आठवत नाहीत, पण काय प्रेम होतं हो!" लोक टाळ्या वाजवतात. मी दुकानात बसून घंगाळ ठोकतो, जरा जोरातच. मी एका माणसाला बुडवायला गेलो आणि त्याला तारून आलो, हे मला इतकी वर्षं जेवताना आठवतं, दाढी करताना आठवतं.

काल संध्याकाळी पूजा होती. काहील उकळत होती. हल्ली पोरगा ढवळतो, पण काल त्याचा पेपर होता म्हणून वल्हं मी घेतलं होतं. अस्लम शेजारी उभा होता, बेकरीची टोपली खाली ठेवून. पांढरी दाढी, गुडघा धरलेला. ब्लेझर आला. आता कोट नाही, पांढरा स्वच्छ सदरा, मान बारीक झालेली. कुणीतरी ओळख करून दिली, "साहेब, हे तांबट. यांच्याच काहिलीत रंग होतो."

"वा वा," तो म्हणाला. "तुम्हाला सांगतो, त्या दिवशी कुणीतरी मला फार आपुलकीनं धरलं होतं. फोटोत हात दिसतो बघा. कोण होता कोण जाणे. भेटला तर आभार मानायचेत."

आता एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? मी वल्हं ठेवलं आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. तसाच. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. दाबला नाही, नुसता ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही. त्याची नजर सरळ अस्लमवर गेली.

"कॅप्टन," तो हळूच म्हणाला. "दहा नंबर."

म्हणजे याला सगळं आठवत होतं. नावं, नंबर, सगळं. मी समजत होतो की हा विसरला. विसरणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी, म्हातारपणी, कंटाळून माफ केलंही असतं. हा तर दर वर्षी आठवून विसरत होता. माझी बोटं आपोआप आवळली.

"सोड रे सुध्या," अस्लम म्हणाला. "बूढ़ा आदमी है. जाऊ दे."

"यांच्या अब्बांना त्या दिवशी मैदानावर यायचं होतं," मी ब्लेझरला म्हणालो. "यांना खेळताना बघायला. ते गेले. तुमच्या भाषणात तेवढं सांगत जा."

अस्लमनं टोपली उचलली. मी हात काढला, पण सावकाश काढला.

आज पंचमी. हे लिहीत असताना चौकात ढोल सुरू झालेत. संध्याकाळी ब्लेझरचा जाहीर सत्कार आहे, नाशिकची परंपरा जगापुढं नेल्याबद्दल. सकाळी त्याचा पोरगा दुकानात येऊन गेला, जरा घुटमळत. बाबांच्या मानेला कालचा रंग लागलाय, साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून बघितलं, काही उपाय आहे का? मी म्हणालो, उपाय नाही, आठ दिवसांनी आपोआप जातो. पाच बोटं अगदी मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट उठलीत म्हणे.

काहिलीचं घराणं म्हणून सत्काराची शाल आमच्याच हातून घालायची पद्धत आहे. अस्लमला मी पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय. शाल मी जरा खालीच घालणार आहे.